आधी घर, मग जामीनदार, मग बँक

कर्ज झालं म्हणलं की लोक पहिल्यांदा काय सांगतात, तर अंथरूण पाहून पाय पसरावेत. मान्य आहे, पण ज्यांचं अंथरूणच 2019 च्या पुरात गेलं त्यांनी काय पसरायचं हे कुणी सांगत नाही. त्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेनं 57 फूट गाठले, धोक्याची पातळी तिथं 45 ची आहे, आणि मारुती चौकाकडं आमचं स्टेशनरी-झेरॉक्सचं दुकान, जूनमध्ये शाळांसाठी भरलेला सगळा माल आत. पाणी उतरल्यावर शटर वर केलं तर वह्या फुगून रॅकमध्ये अशा घट्ट बसलेल्या की पहारीनं काढाव्या लागल्या. पर्सनल लोन काढून परत माल भरला, तोवर मार्चमध्ये लॉकडाऊन, शाळाच बंद तर वह्या घेणार कोण. रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट 2020 पर्यंत हप्ते थांबवायची सवलत दिली ती घेतली, पण हप्ता थांबला तरी व्याज चालूच होतं. आणि 2021 च्या जुलैत परत पाणी आलं. असो, हे रडगाणं सांगलीत घरोघरी आहे, मला सांगायचंय ते पुढचं, कमाईत न मावणारी कर्जं एका पानावर मांडून कशी फेडत आणली ते.

पुढचं म्हणजे असं की दोन-तीन वर्षं आम्ही ह्याची टोपी त्याच्या डोक्यावर हा उद्योग केला. क्रेडिट कार्डावरून बँकेचा हप्ता, साडूकडून हातउसने घेऊन कार्डाचा मिनिमम, भिशी लवकर उचलली आणि त्यातनं पतसंस्थेचे थकलेले दोन हप्ते. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं व्यवस्थित चाललंय, एकही हप्ता फार दिवस तुंबत नव्हता ना. झाकली मूठ.

2022 च्या शेवटी बायकोनं शाळेतलं एक जुनं हजेरी रजिस्टर आणलं (ती एका खाजगी शाळेत ऑफिसला आहे), पाठीमागच्या कोऱ्या पानावर रेघा मारल्या आणि म्हणाली, "अहो, आज सगळं सांगा, एकही लपवू नका, साडूचं पण." तिला साडूचं माहिती होतं हे मला माहिती नव्हतं.

तर ते पान असं झालं. बँकेचं पर्सनल लोन बाकी 3,20,000, व्याज 16 टक्के, हप्ता 11,300. क्रेडिट कार्ड 1,10,000. पतसंस्था दीड लाख, 14 टक्के, हप्ता 5,200, जामीनदार दोन. मोबाईलवरच्या ॲपचं लोन 22,000, महिन्याला 4,000. उचललेल्या भिशीचे महिन्याला 3,000 अजून नऊ महिने. साडूचे 60,000 बिनव्याजी. कार्डाचा मिनिमम 5,500 धरला तर महिन्याला 29,000 नुसते द्यायचेच, आणि दुकान अधिक तिचा पगार मिळून घरात येतात 42,000. राहिले 13,000. त्यात चार माणसांचं घर चालत नाही, म्हणून तर ते टोपीचं.

मेव्हण्याच्या ओळखीत बँकेतून रिटायर झालेले एक काका आहेत विश्रामबागला, त्यांच्याकडं ते पान घेऊन गेलो. मला वाटलं बघून म्हणतील हे भरा ते भरा. त्यांनी चष्मा लावला, पान वरपासून खालपर्यंत वाचलं आणि विचारलं, "दूध कुठंय?" म्हणलं काय? "दूध, गॅस, लाईटबिल, आईच्या गोळ्या, पोराची फी. हे सगळ्यात वर लिहायचं असतं, कर्जं त्याच्या खाली." आणि वर दम दिला की खर्च कमी करून लिहू नका, बँकेपुढं बरं दिसावं म्हणून भाजीला हजार रुपये लिहाल आणि तिसऱ्या महिन्यात सगळा प्लॅन मोडेल, मग ती बँक तुमचं परत ऐकणार नाही.

परदेशात ह्यालाच डेट मॅनेजमेंट प्लॅन म्हणतात. इंग्लंडात स्टेपचेंज नावाची धर्मादाय संस्था हे फुकट करून देते, अमेरिकेत क्रेडिट कौन्सेलिंगवाल्या संस्था थोडी फी घेऊन. घरखर्च आधी बाजूला काढायचा, जे उरतं ती एकच रक्कम महिन्याला संस्थेकडं भरायची, मग संस्था सगळ्या कर्ज देणाऱ्यांना वाटून देते आणि व्याज कमी करा म्हणून त्यांच्याशी बोलते. तीन ते पाच वर्षं असं चालतं बऱ्याचदा. फक्त विनातारण कर्जं घेतात त्यात, घराचं कर्ज नाही. आणि इंग्लंडातसुद्धा व्याज थांबवलंच पाहिजे असं बंधन बँकेवर नाही, ऐकलं तर ऐकलं. आपल्याकडं असं पैसे वाटून देणारं कुणी आमच्या वाट्याला आलं नाही. लीड बँकेचं, म्हणजे जिल्ह्यातल्या बँकांच्या पुढारी बँकेचं, आर्थिक साक्षरता केंद्र असतं जिल्ह्याला, सांगलीची लीड बँक म्हणजे बँक ऑफ इंडिया, साताऱ्याची बँक ऑफ महाराष्ट्र, तिथं फुकट सल्ला मिळतो, पण फोन करायचे, अर्ज लिहायचे, महिन्याला वाटप करायचं ते आपलं आपणच. म्हणजे प्लॅन तोच, संस्था म्हणजे आपली बायको आणि हजेरी रजिस्टर.

घरखर्च प्रामाणिकपणे लिहिला तर 21,000 झाला. त्यावर 1,500 अडीअडचणीला. काका म्हणाले हे दीड हजार उडवू नका, नाहीतर पहिल्या पंक्चरला परत कार्ड काढाल. 42 मधनं साडेबावीस गेले, उरले 19,500. हीच रक्कम. मागणी 29,000 ची आणि हातात 19,500. हा 9,500 चा खड्डा कागदावर बघितला तेव्हा खरं सांगतो मला बरं वाटलं, कारण आतापर्यंत तो किती खोल आहे तेच माहिती नव्हतं.

आता वाटायचे कसे? आम्ही आतापर्यंत देत होतो जो जास्त ओरडेल त्याला. ॲपवाला सगळ्यात जास्त ओरडायचा, सकाळी सात वाजता फोन, रात्री दहाला फोन, एकदा तर दुकानात गिऱ्हाईक उभं असताना त्याच्यासमोर स्पीकरवर. म्हणून सगळ्यात लहान कर्ज असून पहिले चार हजार त्याला. पुस्तकी हिशेब सांगतो की ज्याचं व्याज जास्त ते आधी फेडा. तेही पूर्ण बरोबर नाही, निदान आपल्याकडं नाही, कारण पुस्तकात जामीनदार नसतो.

पतसंस्थेला माझे जामीनदार म्हणजे एक मेव्हणा आणि एक जिल्हा परिषदेच्या शाळेतला मित्र, आम्ही त्याला मास्तरच म्हणतो. पतसंस्थेचं व्याज कार्डापेक्षा कितीतरी कमी, पण ते थकलं की सहकार कायद्याच्या 101 कलमाखाली वसुलीचा दाखला निघतो आणि वसुली कर्जदाराकडून तशी जामीनदाराकडूनही होते, मास्तरसारख्या पगारदाराच्या तर सरळ पगारावर येतं. बँकेचा हप्ता थकला तर माझा सिबिल, म्हणजे कर्जफेडीची पत, खराब होईल. पतसंस्थेचा थकला तर मास्तरच्या पोरीच्या कॉलेजची फी थांबेल. मेव्हणा तोंडावर कधी काही बोलला नाही, एकदाच म्हणला, "दाजी, मला नोटीस यायच्या आधी तुमचा फोन येऊदे." म्हणून आमच्या पानावर घराच्या खाली पहिली ओळ पतसंस्था, दर महिन्याच्या पाच तारखेला, कुणी कितीही ओरडलं तरी. काकांना हे फारसं पटलं नव्हतं, त्यांचं म्हणणं व्याजाचा दर बघा. इथं मी त्यांचं ऐकलं नाही आणि आजही मला वाटतं माझंच बरोबर होतं. बँकेशी वाकडं झालं तर दुसरी बँक मिळते, मास्तर दुसरा मिळत नाही.

दर मात्र कार्डाला बघितला. कार्डाचं व्याज महिन्याला साडेतीन टक्के, ऐकायला किती बारीक वाटतं. 1,10,000 वर 3,850 झाले, त्यावर 18 टक्के जीएसटी 693, म्हणजे 4,543 नुसतं व्याजच. आम्ही मिनिमम भरायचो 5,500. मुद्दल किती कमी झालं? 957 रुपये. आणि त्यात मधे एकदा पेट्रोल कार्डावर टाकलं की तेही गेलं, कारण बाकी पुढं ओढली की नवीन खरेदीला बिनव्याजाचे दिवस मिळत नाहीत. हे गणित बायकोनं मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर केलं, मग परत केलं, मग उठून आत गेली आणि पाटल्या घेऊन आली.

मी नको म्हणलं, आईपण नको म्हणाली, तिचा तर जीवच त्या पाटल्यांत, कारण तिनंच घातल्यात त्या सुनेच्या हातात. पण सोनंतारण कर्जाचा दर सरकारी बँकेत तेव्हा 9 टक्क्यांच्या आसपास, वर्षाला, महिन्याला नाही. म्हणजे महिन्याचं व्याज साडेआठशेच्या आत. साडेचार हजाराच्या जागी साडेआठशे. बँकेत कोपऱ्यात एका टेबलावर बँकेचा सोनार बसलेला असतो, त्यानं पाटली काळ्या कसोटीवर घासली, पिवळी रेघ उमटली, त्यावर ॲसिडचा थेंब सोडला, रेघ गेली नाही तशी मान हलवली. मग वजन, दगड-मेणाची वजावट, वहीत नोंद. बायको सगळा वेळ त्याच्या बोटांकडं बघत होती, मी कॅलेंडरकडं. तेव्हा किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत कर्ज मिळायचं, त्यात एक लाख दहा हजार बसले. त्याच दिवशी कार्ड पूर्ण भरलं, कस्टमर केअरला फोन करून बंद करायला लावलं आणि घरी येऊन कात्रीनं कापलं. बंद करायला लावणं महत्त्वाचं आहे हां. सोनं ठेवून कार्ड भरायचं आणि कार्ड तसंच खिशात, मग वर्षानं सोनंही गहाण आणि कार्डावरही परत बाकी, हे मी आमच्याच गल्लीत बघितलंय.

ॲपवाल्याचं दुकानातलं दुसरं झेरॉक्स मशीन विकून एका दमात मिटवलं. तसंही एकच मशीन चालायचं दिवसभर. आणि एक गोष्ट, सुरुवातीलाच माहिती असती तर एवढा घाबरलो नसतो. ऑगस्ट 2022 मध्ये रिझर्व्ह बँकेनं बँका, फायनान्स कंपन्या आणि त्यांच्या वसुली एजंटांना सांगितलंय की सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीचे फोन करायचे नाहीत, नातेवाईकांना-मित्रांना त्रास द्यायचा नाही, चारचौघांत अपमान करायचा नाही. सप्टेंबर 2022 पासून तर लोन ॲपला तुमच्या फोनमधले नंबर घ्यायलाच मनाई. कळल्यावर हे ॲपच्या वसुलीच्या पोराला फोनवर शांतपणे सांगितलं, नाव आणि एजन्सी विचारली, कॉल रेकॉर्ड होतोय म्हणलं, तर पुढचा फोन दुसऱ्या दिवशी साडेदहाला आला आणि "सर" म्हणून आला. धमकी आली किंवा फोटो-बिटो पाठवले तर 1930 हा सायबरचा नंबर आहे, तिथं लावायचा. हप्ता थकणं हा काही फौजदारी गुन्हा नाही. पण चेक किंवा खात्यातनं आपोआप जाणारा हप्ता बाऊन्स झाला तर त्याची केस होऊ शकते, त्यामुळं "काय होत नाही रे" म्हणणाऱ्यांचंही ऐकू नका.

राहिलं बँकेचं लोन, ते सगळ्यात अवघड. कस्टमर केअरवाली बाई दर वेळी एकच वाक्य, "सर, आपल्या लोनवर सध्या अशी सुविधा उपलब्ध नाही." तिच्याशी बोलून काही होत नाही, तिच्या हातात काही नसतं बिचारीच्या. काकांनी सांगितलं लेखी द्या. शाखेला अर्ज आणि तोच ईमेल त्यांच्या तक्रारी बघणाऱ्या नोडल ऑफिसरला, त्यासोबत आमचं ते पान नीट टाईप करून, उत्पन्न, घरखर्च, प्रत्येकाला किती देतो, तुम्हाला 7,800 च्या आसपास देऊ शकतो, मुदत वाढवा. विनवणीचं एक अक्षर नाही, नुसते आकडे. आणि हप्ता थकायच्या आधी, हे फार महत्त्वाचं. 90 दिवस थकलं की खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या हिशेबात थकीत कर्ज, मग बोलणारी माणसंच बदलतात.

बरंच मागं लागल्यावर मुदत पाच वर्षं करून मिळाली, हप्ता 11,300 वरून 7,780. फुकट नाही मिळालं. आधीच्या हप्त्यानं ते तीन वर्षांत फिटलं असतं, आता पाच लागणार आणि व्याज साधारण 60,000 जास्त जाणार. शिवाय सिबिलच्या रिपोर्टात रिस्ट्रक्चर केलंय अशी नोंद. बायको म्हणाली साठ हजार पाच वर्षांत गेले तर गेले, दर महिन्याला साडेनऊ हजाराची भीक तर मागायला नको. आणि बँकेनं नाही म्हणलं असतं तर? तर काही करता आलं नसतं. रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं (14448 नंबर आहे, आधी बँकेकडं तक्रार करून 30 दिवस थांबायचं) वसुलीवाल्यांच्या वागण्याची, चुकीच्या चार्जेसची तक्रार करता येते, पण मुदत वाढवून द्यायची की नाही हा बँकेचा धंद्याचा निर्णय, त्यात लोकपाल पडत नाही.

ह्याच काळात एका कर्जमुक्तीवाल्या कंपनीचा फोन आलता. गोड आवाज, "सर, तुमचं कर्ज निम्म्यात सेटल करून देतो." काय करायचं तर सगळे हप्ते भरायचं बंद करा, दर महिन्याला आमची फी भरा, बँक वैतागली की आम्ही बोलतो. मी विचारलं तोवर जामीनदाराचं काय? तर म्हणे ते बघू नंतर. सेटलमेंट आणि हा प्लॅन ह्यात लोक गल्लत करतात म्हणून सांगतो, प्लॅनमध्ये तुम्ही सगळे पैसे फेडता, फक्त सावकाश. सेटलमेंटमध्ये बँक काही रक्कम सोडून देते आणि सिबिलवर "क्लोज्ड" च्या जागी "सेटल्ड" लागतं, मग पुढचा कर्ज देणारा ते वाचून हात आखडतो. ज्याच्याकडं खरंच काही उरलं नाही त्यानं सेटलमेंट जरूर करावी, पण स्वतः बँकेत जाऊन, नाहीतर लोकअदालतीत. तिथं कोर्ट फी नसते आणि तडजोड झाली की ती कायमची, अपील नाही. निम्म्याचं आमिष दाखवून आधी फी मागणाऱ्याकडं कशाला जायचं.

टक्क्यानं पैसे देणारेही आलेच. मार्केट यार्डात चहा प्यायला उभा राहिलो तरी कोणतरी म्हणतो, "लागतात का? पाच टक्क्यानं आहेत." हे पाच टक्के महिन्याचे, वर्षाचे साठ. परवानाधारक सावकारालाही शेतीबाहेरच्या विनातारण कर्जाला वर्षाला 18 च्या वर घेता येत नाही, आणि परवाना नसेल तर ती सावकारीच गुन्हा. तक्रार सहकार खात्याच्या सहाय्यक निबंधकाकडं किंवा जिल्हा उपनिबंधकाकडं करायची. आमच्या पानावर ही ओळ कधी आली नाही, तेवढं एक नशीब.

तर गणित असं बसलं, पतसंस्था 5,200, बँक 7,780, भिशी 3,000, सोन्याचं व्याज 850. झाले 16,830. एकोणीस हजार पाचशेतनं 2,670 उरले ते सोन्याच्या मुद्दलाला. भिशी संपली तसे ते तीन हजारही तिकडंच वळवले. एक बारीक गोष्ट पण फार उपयोगी पडली, घरखर्चाचं खातं आम्ही वेगळ्या बँकेत काढलं, जिथं आमचं कुठलंच कर्ज नाही. ज्या बँकेचं कर्ज त्याच बँकेत पगार ठेवला तर थकलेलं कापून घ्यायला त्यांना वेळ लागत नाही, आणि मग किराणा कशानं भरायचा. पतसंस्था सोडून बाकी हप्त्याच्या तारखाही दहाच्या पुढं मागून घेतल्या, कारण तिचा पगार सातला होतो, आणि एकदा बाऊन्स झालं की दोन्हीकडचे चार्जेस वर जीएसटी.

साडूला मी स्वतः जाऊन पान दाखवलं. म्हणलं तुमची ओळ सगळ्यात खाली आहे, व्याज नाही म्हणून नाही, तुम्ही थांबाल म्हणून. तो हसला, म्हणला थांबतो की, पण दिवाळीला फराळ पाठवत जा. बायको वर्षाला दोन डबे पाठवते, एक चकलीचा.

सगळं सरळ गेलं असं नाही. आईला मिरजेला ॲडमिट करावं लागलं तेव्हा दीड हजाराच्या साठ्यानं काय होतंय, एक महिना सोन्याला काहीच गेलं नाही आणि बँकेचा हप्ता उशिरा गेला. दंड लागला. ह्या दंडावर परत व्याज चढवायला आता बंदी आहे, 2024 पासून, म्हणून स्टेटमेंट नीट बघायचं. पाटल्या सुटल्या. घालून कुठं जात नाही ती, म्हणते कपाटात बऱ्या. बँकेचं अजून चालू आहे.

आणि पतसंस्था फिटली. शेवटचा हप्ता भरून मेव्हण्याला आणि मास्तरला फोन केला, मास्तर म्हणला, "लेका, आता मला काढायचंय, तू होतोस का जामीन?" हो म्हणलंय. आता कर्ज फिटल्यावर नुसती पावती घेऊन घरी यायचं नाही, काही बाकी नाही असा बेबाकी दाखला घ्यायचा आणि महिन्या-दोन महिन्यानं सिबिलचा रिपोर्ट बघायचा, वर्षातनं एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. माझ्या रिपोर्टात ॲपचं लोन अजून चालू दिसतंय. तक्रार टाकलीय, 30 दिवसांत दुरुस्त नाही केलं तर दिवसाला 100 रुपये भरपाई द्यायला लागते त्यांना. कर्ज देताना पतसंस्थेनं सह्या करून घेतलेले कोरे चेक असतात, तेही परत मागायचे, मोजून. मी मागितले तर मॅनेजर म्हणतो फाईल वरच्या मजल्यावर आहे, शिपाई रजेवर आहे, सोमवारी या. सोमवारी बायको जाणार आहे, रजिस्टर घेऊन.